देवाला पत्ता सांगणारी वहिनी

माझी वहिनी प्रार्थनेला उभी राहिली की शेजारच्याने ऐसपैस बसून घ्यावं, कारण ती लवकर खाली बसत नाही. बाकीचे लोक देवाकडे घाऊक मागतात. आजाऱ्यांना बरं कर, प्रवाशांना सांभाळ, आमेन. वहिनीचं तसं नाही. ती किरकोळीत मागते. ‘प्रभू, चावीवाल्याच्या बोळात डाव्या हाताच्या जिन्याने वर गेलं की निळं दार आहे बघ, तिथले आजोबा. त्यांचा गुडघा. उजवा.’ देव चुकून डाव्या गुडघ्याला हात लावेल, अशी तिला धास्ती असावी.

आमच्या मंडळीत तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणतात, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नाही. तिचं कपडेदुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलणं, कंबर ढिली करणं, बापाचा कोट मुलाच्या मापाला आणणं, असली कामं. टेप गळ्यात घालून ती गिऱ्हाइकापुढे गुडघे टेकून बसते, तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे मध्ये बोलता येत नाही, आणि समोरचा माणूस बोलत सुटतो. जे ऐकते ते ती पोटात ठेवते आणि रविवारी देवापुढे ओतते. एरवी कुणाजवळ चकार शब्द काढत नाही. हे मी तिची नणंद असून सांगते आहे, तेव्हा खरं समजायला हरकत नाही.

मंडळी म्हणजे आमचं छोटं चर्च, फर्निचरच्या गोदामावरचा भाड्याचा हॉल. खाली सोफे, वर आम्ही. एके काळी मागच्या लोकांना उभं राहावं लागायचं. मग साथ आली, दारं बंद झाली आणि उपासना मोबाइलवर सुरू झाली. साथ गेली, दारं उघडली, पण लोक काही घरातून उठले नाहीत. त्यांत माझा सख्खा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवराही आला. रविवारी पायजम्यावर सोफ्यात बसून चहा पीत तो उपासना बघतो आणि वर आम्हालाच सांगतो, ‘आज तुम्ही दुसरं कडवं चुकलात.’

हॉलमध्ये तिपाईवर कॅमेरा असतो. उपदेश संपला की तो बंद व्हायचा, आणि मग मोकळी प्रार्थना. ज्याच्या मनात जे असेल ते त्याने उभं राहून मोठ्याने देवापुढे ठेवायचं आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. ही आमची जुनी पद्धत. पण घरी बसलेल्यांनी कुरकुर सुरू केली, की नेमक्या प्रार्थनेच्या वेळी आम्हाला बाहेर काढता. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी बैठक घेतली आणि ठरवलं की यापुढे कॅमेरा चालू ठेवायचा. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, तशी सूचना दिली. वहिनीने ती ऐकली, मानही डोलावली. पण डोळे मिटले की तिच्यासाठी त्या खोलीत दोघंच उरतात, ती आणि तो.

त्याच सुमाराला ती नर्स आमच्यात आली होती. पहिल्यांदा आली ती वहिनीच्या दुकानात, अंगावर लोंबणारा गणवेश आत घ्यायला. पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात तिला नोकरी होती. बरोबर शाळेत जायच्या वयाची मुलगी. पडद्याआड गणवेश बदलताना तिने विचारलं, ‘काकू, कुणी फार प्रश्न विचारत नाही असं चर्च आहे का इथे?’

‘असं चर्च अजून निघायचंय,’ वहिनी म्हणाली. ‘पण आमच्याकडे माणसं कमी आहेत, त्यामुळे प्रश्नही कमीच.’

ती यायला लागली. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसायची, मुलीचा हात धरून. तिची कहाणी तेव्हा फक्त वहिनीला ठाऊक होती. नवरा दुसऱ्या शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गायकवृंद चालवायचा. गळा असा, की त्याचं गाणं ऐकून लोक रडायचे. त्याच माणसाने घरी तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, आणि ते जुळतंय न जुळतंय तोवर पुन्हा हात उगारला होता. ती तिथल्या वडीलमंडळींकडे गेली. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, हातात हात द्यायला लावले, चहा पाजला आणि घरी पाठवलं. त्यानंतर मुलीला घेऊन ती निघाली ती थेट आमच्या गावात. पोलिसांकडे तक्रार होती. त्यांनी सांगितलं होतं, तो इथे आला आणि काही केलं तर कळवा.

त्या रविवारी वहिनी उभी राहिली. मी शेजारीच होते. नर्सच्या मुलीला आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक माणूस दिसला होता, बाबांसारखा. तो बाबा नव्हता, पण पोर रात्रभर झोपली नव्हती. वहिनीच्या मनात ते राहिलं होतं, आणि ती सुरू झाली. ‘प्रभू, ही तुझी लेक. पुलापलीकडच्या वृद्धाश्रमात काम करते, एक आठवडा सकाळी, एक आठवडा दुपारी. चष्म्याच्या दुकानावर राहते, मागच्या बाजूची खोली. लेकरू तिथल्याच नाक्यावरच्या शाळेत आहे. तिच्या नवऱ्याचा तो गाणारा गळा आणि तो मारणारा हात, दोन्ही तुला माहीत आहेत. प्रभू, त्याला हिचा पत्ता लागू देऊ नकोस.’

आणि आम्ही सगळे म्हणालो, आमेन.

वहिनीच्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. मी वैतागून तो काढला. भावाचा होता. ‘अगं, तिला खाली बसव!’ तो ओरडत होता. ‘सगळं चालू आहे! सगळं जातंय बाहेर!’ मी मान वर केली. तिपाईवरचा लाल दिवा लागलेला होता. मागे पाहिलं तर नर्स मुलीला कडेवर घेऊन जिना उतरत होती. एवढी मोठी मुलगी, पाय लोंबत होते. वहिनीला अजून काही कळलं नव्हतं. ती डोळे पुसत बसली होती.

चित्रफीत तासाभरात काढून टाकली. पण चर्चच्या लोकांचं जाळं कसं असतं ते आतल्यांनाच माहीत. चांगलं गाणं, चांगला उपदेश, चांगली प्रार्थना दिसली की ती पुढे पाठवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. कुणीतरी तेवढा तुकडा आधीच उचलला होता. खाली लिहिलं होतं, किती मनापासूनची प्रार्थना.

त्याच दुपारी वहिनीने नर्सला आणि मुलीला आमच्या घरी आणलं. नर्स तिच्याशी बोलत नव्हती. आली, कारण जायला दुसरी जागा नव्हती. घरात टाचणी पडली तरी सगळे दचकायचे. दूधवाल्याने बेल वाजवली की मुलगी पलंगाखाली जायची, आणि तिला बाहेर काढायला गेलेली वहिनी स्वतःच तिथे फरशीवर बसून राहायची. माझा भाऊ, जो रविवारी सोफ्यातून उठत नव्हता, त्याने तोच सोफा ओढत नेऊन दाराला टेकवला आणि त्यावर बसला. मला येता-जाता त्याच्यावरून चढून जावं लागायचं. हसायला यायला हवं होतं, पण कुणालाच येत नव्हतं.

दोनेक दिवसांत पाळक आले. तरुण आहेत, मऊ आहेत, कुणाला दुखवायचं म्हटलं की त्यांनाच ताप चढतो. त्यांना त्या मोठ्या चर्चच्या पाळकांचा फोन आला होता. ‘ते म्हणतात, आमचा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, खचलाय, रडतोय. समेट घडवायला मदत करा. काकू, क्षमा हीच तर आपली शिकवण आहे ना? एकदा भेट घडवून...’

‘चहा पण ठेवू का?’ मी म्हणाले. ‘मागच्या वेळी ठेवला होता म्हणे.’

वहिनीने नर्सला बाहेर बोलावलं नाही. तिने फक्त तिच्या मोडलेल्या खांद्याचा क्ष-किरणाचा फोटो आणला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पाळकांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. ‘मी नाही सांगणार त्यांना,’ ते म्हणाले. ‘पण तो आला तर? चर्चच्या दारात मी कुणाला अडवू?’

तो आलाच. पुढच्या रविवारी, इस्त्रीचा शर्ट, बगलेत बायबल. दारात स्वागताला उभे असणाऱ्या रंगारीकाकांनी नेहमीसारखा दोन्ही हातांनी त्याचा हात हातात घेतला आणि पुढे आणून बसवला. त्यांना काय माहीत? गाणं सुरू झालं तेव्हा आम्हाला सगळ्यांना कळलं तो कोण ते. असा आवाज आमच्या हॉलमध्ये कधी घुमला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, अर्धा भीतीचा होता आणि अर्धा गाण्याचा. याची मला अजून चीड आहे.

उपासना संपल्यावर तो सरळ वहिनीकडे आला. ‘तुम्हीच ना त्या काकू? तुमची प्रार्थना मी पुन्हा पुन्हा ऐकली.’ त्याने तिचा हात हातात घेतला. ‘वृद्धाश्रमात जाऊन आलो. ती रजेवर आहे म्हणाले. चष्म्याच्या दुकानावरची खोली बघितली, कुलूप आहे. शाळेतही मुलगी येत नाही. पण इथवर तुमच्यामुळेच पोचलो. तुमचे उपकार कसे फेडू?’

तिची पूर्ण प्रार्थना तो पायी चालून आला होता. वहिनीच्या गळ्यातला क्रूस हलताना मला दिसत होता. तरी ती सगळ्यांदेखत म्हणाली, ‘ती कुठे आहे ते मला माहीत आहे. सांगणार नाही.’

‘काही घाई नाही, काकू,’ तो म्हणाला. आवाज इतका गोड, की आजूबाजूच्या बायकांना वाटलं असेल तो तिची विचारपूस करतोय. ‘मी थांबेन.’

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पाळकीणबाई आल्या. त्या गाडी चालवायला शिकवतात. नवऱ्यातला मऊपणा यांच्यात औषधालाही नाही. टपावर ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी असलेली त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. त्या नर्सला म्हणाल्या, ‘तू पुढे बस, स्टेअरिंगवर हात ठेव, शिकायला आल्यासारखं दिसू दे. पोर मागे, चादरीखाली.’ कुठे जायचं ते त्यांनी एकट्यांनी ठरवलं होतं. पाळकांनाही सांगितलं नव्हतं. माझा भाऊ काही विचारायला गेला, तर वहिनीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ‘या घरात कुणाला काही कळता कामा नये. मला तर नाहीच.’

निघताना तिने नर्सचे हात धरले. ‘माझ्या जिभेने तुझा घात केला, बाळा.’

नर्सने ‘असू दे’ म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही. तिने हात सोडवून घेतले आणि म्हणाली, ‘काकू, एक करा. माझ्यासाठी प्रार्थना करू नका.’

‘मोठ्याने नाही करणार.’

‘अजिबात नको.’

वहिनीने मान हलवली. गाडी गेल्यावर ती घरात येऊन तशीच उभी राहिली. मी तिला पाणी दिलं ते तिने घेतलं, पण प्यायली नाही.

आता तो परत जाईल, असं आम्हाला वाटलं. तो गेला नाही. बसस्थानकामागे त्याने खोली घेतली. विम्याचं काम, कुठूनही करता येतं. दर रविवारी तो सगळ्यांच्या आधी हजर. खुर्च्या मांडायला मदत करायचा, म्हाताऱ्यांना हात धरून जिना चढवायचा. कॅमेरा बंद झाला होता, आणि लोक परत यायला लागले होते. वर्षानुवर्षं घरी बसलेले, त्याचा गळा ऐकायला येऊ लागले. वडीलमंडळींपैकी एकाने तर पाळकांना विचारलं, ‘गाण्याची जबाबदारी त्याच्याकडे देता का?’ पाळकांनी नाही म्हटलं. मी त्यांना इतकं ठाम बोलताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते त्याला एकटं भेटले, सरळ विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मी पापी आहे, म्हणून तर येतो. तुमचं दार पाप्यांसाठी नाही का?’ गाण्याच्या नकारावरून दोन कुटुंबं रागावून दुसऱ्या चर्चमध्ये गेली.

आणि वहिनी त्याच्या शेजारी बसायला लागली. पहिल्यांदा मला दिसलं तेव्हा मी तिचा पदर ओढला. ती म्हणाली, ‘ताई, सोडा. तो इथे दिसतोय तोवर तो तिथे नाही.’

रविवारचे ते दोन तास तिच्या जिवाला स्वस्थता असायची. बाकी आठवडा ती मरत असायची. बाजाराला म्हणून निघायची आणि बसस्थानकामागून फिरून यायची, त्याचा शर्ट दोरीवर आहे का बघायला. शर्ट दिसला की तिला जेवण जायचं. नाही दिसला की मला दुकानातून फोन, ‘ताई, शर्ट नाही.’ मी म्हणायचे, ‘अगं, वाळला असेल.’

एकदा तो दुकानातच आला, पँटची कंबर ढिली करायला. मी तिथे डबा द्यायला गेले होते. वहिनी त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली होती, तोंडात टाचण्या, हातात टेप, आणि तो वरून तिच्या डोक्याकडे बघत बोलत होता. ‘काकू, तुम्ही हल्ली मोठ्याने प्रार्थना करत नाही. का बरं? मी वाट बघतो.’ वहिनीचे हात थांबले नाहीत. तिने माप घेतलं, खूण केली, कड मुडपली. तो गेल्यावर तिने टाचण्या तळहातावर काढल्या, तेव्हा ओठातून रक्त येत होतं. ‘घट्ट धरल्या गेल्या,’ ती म्हणाली. प्रार्थनेला ती आता उभीच राहत नव्हती. मनातही करत नव्हती, कारण शब्द दिला होता. देवाशी असं तोंड बांधून बसणं तिला किती जड जात असेल ते मी तिच्याकडे बघूनच ओळखायचे. निळ्या दारातल्या आजोबांनी निरोप पाठवला, की माझा गुडघा विसरलात का. तिने त्यांच्यासाठीही तोंड उघडलं नाही.

मग तो रविवार आला. गाणं सुरू झालं तरी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. मला वाटलं, उशीर झाला असेल. दुसरं गाणं झालं. वहिनी मागे वळून दाराकडे बघत होती. तिसऱ्या गाण्याला लोकांचे आवाज आपोआप बारीक होत गेले, कारण एकेकाच्या लक्षात यायला लागलं होतं. इतके दिवस ज्या माणसाकडे बघायची भीती वाटत होती, तो नाही म्हणून आता सगळा हॉल घाबरला होता. गाण्यासाठी त्याला पुढे करू पाहणारे वडीलसुद्धा घाम पुसत होते. रंगारीकाका खाली जाऊन रस्ता बघून आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. कालपासून शर्ट दिसला नव्हता, हे वहिनीने मला सकाळीच सांगितलं होतं. मी तिला गप्प केलं होतं.

वहिनी उठली आणि पाळकीणबाईंच्या खुर्चीपाशी गेली. पाळक उपदेश करत होते, पण कोण ऐकतंय? ती खाली वाकून एवढंच म्हणाली, ‘लावा फोन.’ पाळकीणबाई बाहेर जिन्यावर गेल्या. काचेच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी फोन कानाला लावला. खाली केला. पुन्हा लावला. पुन्हा खाली केला. पाळक मध्येच थांबले आणि तेही दाराकडे बघत राहिले. वहिनीने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. तिचे ओठ हलत होते. शब्द मोडून ती प्रार्थना करत होती की नुसतीच थरथरत होती, मला कळलं नाही, आणि मी नंतरही विचारलं नाही.

पाळकीणबाईंची पाठ एकदम सैल पडली. त्या वळल्या, दार ढकलून आत आल्या आणि म्हणाल्या, ‘आंघोळीला गेली होती. ठीक आहे. दोघी ठीक आहेत.’ कुणीतरी हुंदका दिला. वहिनीने माझं मनगट सोडलं. पण आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, कारण तो कुठे होता हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आला. गळ्याला मफलर, नाक लाल, आवाज बसलेला. तापाने पडून होतो, म्हणाला. आम्ही सगळे खुर्च्यांत आक्रसलो. वहिनीने मात्र त्याला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की माझा भाऊ परगावाहून घरी यायचा तेव्हाही मी तो तसा उजळलेला पाहिला नव्हता. ती घाईघाईने उठली, शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्याला म्हणाली, ‘या. तुमचीच जागा धरून ठेवली होती.’